औषध काय घेतलं?

माझा आवाज मुळातच मोठा. त्यात आमच्या आपत्कालीन विभागात हळू बोललं तर कुणाला ऐकूच जात नाही, म्हणून तो आणखी चढलेला. आई म्हणते, तू पेशंटची विचारपूस करतेस का भांडण काढतेस?

त्या दुपारी शिरोळकडची एक सून सासऱ्यांना शेजाऱ्यांच्या गाडीतून घेऊन आली. मामा साठीच्या पुढचे. अंगात इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट, डोक्यावर टोपी, आणि माणूस मात्र घामानं निथळत होता. तोंडातून लाळ गळत होती. मी तिथं टेक्निशियन, डॉक्टर यायच्या आत नाडी, रक्तदाब बघायचा आणि माहिती काढायची, हे माझं काम. लोक सिस्टरच म्हणतात. रोजच्यासारखं विचारलं, "वहिनी, यांनी औषध काय घेतलं?"

बाई अंगावरच आली. "औषध कशाला घेत्याल त्ये? काय कमी हाय त्यांस्नी घरात?"

मला असला राग आला! बीपीची गोळी विचारली तर एवढं तोंड? मग डॉक्टर आले. त्यांनी डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. "मेंदूत रक्तस्राव असेल, नाहीतर विषबाधा. सकाळपासून काय झालं?" सून भिंतीला चिकटून उभी. "काय न्हाय. घरातच हुते, झोपून." वासही कसला येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, स्कॅनला घ्या.

स्ट्रेचर ढकलता ढकलता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शिवारात औषध म्हणजे पिकावर मारायचं ते. आणि 'औषध घेतलं' याचा तिकडं एकच अर्थ होतो. म्हणजे तुझा सासरा विष प्याला का, असं मी चार माणसांत ओरडून विचारलं होतं. स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली.

स्ट्रेचर थांबवला. तिचा हात धरला. "वहिनी, चुकलं माझं. मी बीपीच्या गोळीचं विचारत होते. मामा आज रानात काय करत होते?"

तिनं वळून दाराकडं बघितलं. "पोलीस येत्याल?"

"येऊ देत की! आधी मामा तर जगू देत."

"कोबीवर औषध मारत हुते, सकाळधरनं. पंप गळत हुता, सगळी पाठ भिजली. कोल्हापूरला न्यायचं म्हणून मीच शर्ट बदलला."

"आणि अंग धुतलं?"

"न्हाय."

अरे देवा! वर धुतलेला शर्ट आणि खाली ते औषधाचं पाणी कातडीत जिरतंय. मी डॉक्टरांना हाक मारली. शर्टाला कात्री लावली. साबण-पाण्यानं पाठ, मान, केस, नखंसुद्धा घासून काढली. ॲट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक चालू झाली. सून दारातून बघत होती, हातात टोपी धरून. बराच वेळ काही फरक दिसेना. मग हळूहळू छातीतली घरघर कमी झाली, नाडी वर आली. संध्याकाळी मामांनी पाणी मागितलं. ती रडली. मीही रडले, लपवायचं कशाला.

माझी ड्युटी संपली, तशी ती केसपेपर घेऊन माझ्यामागं आली. "सिस्टर, कागदावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं, "फवारणी करताना अंगावर सांडून विषबाधा."

"परत वाचा."

परत वाचलं. तिनं 'फवारणी'वर बोट ठेवलं. "ह्योच शब्द न्हवं?"

"व्हय, हाच."

"ऱ्हाऊ दे मग." बोट काही तिनं उचललं नाही. "माझे मालक गेले तवा त्यांच्या कागदावर दुसरा हुता. पोरांस्नी शाळंत अजून चिडवत्यात."