अभिषेकपात्रावरचे निकेल

बनारसमधल्या माझ्या नोकरीतले ते प्रकरण आठवले की आजही मला हसू येते आणि थोडी लाजही वाटते.

निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. घाटांच्या भागातले ठाणे माझ्याकडे होते. एका सकाळी रामघाटावरचे एक मराठी गुरुजी कापडात गुंडाळलेले अभिषेकपात्र घेऊन आले. पिंडीवर टांगायचे, बुडाला बारीक छिद्र असलेले भांडे. कडी तुटली म्हणून त्यांनी ते गल्लीतल्या मुलामा करणाऱ्या कारागिराकडे दिले होते.

“साहेब, सरळ बदलून टाकलं हो! पणजोबांचं तांब्याचं पात्र, आणि हे बघा, पांढरंफटक. परवा महाशिवरात्र. मी तर पार परेशान झालोय.”

फिर्याद लिहून घेतली. तेवढ्यात समोरच्या चहावाल्याने खबर दिली, की त्या कारागिराने कालच भंगारवाल्याला तांबे विकले. मला वाटले, तपास संपलाच. लगेच त्याला बोलावून घेतले.

माणूस पन्नाशीचा, बोटे तेजाबाने डागाळलेली. लग्नाच्या बँडवाल्यांची वाजंत्री चकचकीत करण्यात त्याची हयात गेली होती. तासभर मी आवाज चढवून विचारले. त्याचे उत्तर एकच.

“साहब, वही बर्तन है. हमने निकेल चढ़ा दिया. पंडितजी रोज़ इमली से रगड़ते हैं, उँगलियाँ फट गई हैं. सोचा, अब काला नहीं पड़ेगा. कबाड़ी को तो टंकी में बर्तन टाँगने वाले ताँबे के पुराने तार बेचे थे.” मग हात जोडून म्हणाला, “चोर का नाम लग गया तो कौन काम देगा?”

“निकेल म्हणजे नेमके काय?” मी विचारले आणि पठ्ठ्या आपण आरोपी आहोत हेच विसरला. टाकीत निकेलची पट्टी आणि भांडे सोडून वीज लावायची, की पट्टी झिजते आणि तिचा थर भांड्यावर बसतो. थर कडक, गंज न धरणारा, म्हणून नळांवर हाच. स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलमध्येही निकेल मिसळतात, बॅटऱ्यांतही घालतात. खिशातला निकेलचा तुकडा त्याने टेबलावरच्या लोहचुंबकाला लावला, तो टपकन चिकटला. चुंबकाला फक्त लोखंड चिकटते, अशी माझी आजवरची समजूत!

“थोडे खरवडून बघू,” मी म्हणालो.

गुरुजी उसळले. “आमचं असेल तर ओरखडा कशाला? आणि आमचं नसेल तर खरवडायचं कशाला?”

शेवटी गुरुजींनीच कसोटी सुचवली. त्यांच्या घराण्यात पात्राचे छिद्र असे बेतलेले, की काठोकाठ पाणी रुद्राच्या एका आवर्तनाला नेमके पुरते. आम्ही बूट काढले, पात्र खुंटीला टांगले, खाली बादली ठेवली. ठाण्यात रुद्र सुरू झाला. हवालदार हात जोडून उभे. आवर्तन संपले आणि पात्रात चार बोटे पाणी शिल्लक!

“बघा,” गुरुजी म्हणाले. मी अटकेचे कागद मागवले.

कारागीर मात्र वाकून छिद्राकडे बघत होता. “साहब, छेद के मुँह पर भी निकेल बैठ गया है. तंग हो गया.” गुरुजींची नाखुशीनेच मान हलली. त्याने बारीक कानस छिद्रात हलकेच फिरवली. पांढरी पूड पडली आणि कडेला तांब्याचा लाल रंग दिसला. गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा पाणी, पुन्हा आवर्तन. शेवटचा शब्द आणि शेवटचा थेंब एकाच वेळी आला.

गुरुजींनी त्याचे डागाळलेले हात हातात घेतले. “माफ कर रे भैया. पण शास्त्राला तांबंच लागतं.”

“उतार देंगे, पंडितजी. करंट उलटा लगाना है, बस.” सगळे ठाणे हसले. महाशिवरात्रीला पात्र पुन्हा लालबुंद होऊन पिंडीवर टांगले गेले.

त्यानंतर समोर कोणीही संशयित आला, की मी आधी त्याच्या कामाची चौकशी करू लागलो. त्या दिवशी मी ती फार उशिरा केली. तो माणूस वाकून छिद्रात डोकावला नसता तर चांगुलपणा केल्याबद्दल कोठडीत गेला असता आणि डायरीत मी लिहिले असते, गुन्हा उघडकीस आला.