डोक्यातलं कडं आणि माझं खोटं उत्तर

मला फिट आली ती दुकानात, भर दुपारी, डोळ्याला भिंग लावलेलं असताना. हे मला नंतर कळलं. मला स्वतःला एवढंच आठवतं की एका बाईंच्या सोनेरी घड्याळाचा काटा काढत होतो. मग एकदम मी फरशीवर कुशीवर पडलेलो, नाकाशी कुणाची तरी चप्पल, आणि चाचा त्या चप्पलवाल्याला सांगतायत की ने बाबा, पायात घाल, पोरगा शुद्धीवर आला.

चाचा म्हणजे माझे मालक. शहागंजात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. मी चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सोडली, पुढं वाळूजला कंपनीत काम मिळालं म्हणून इथं आलो, आणि चार महिन्यांत कंपनीनं घरी बसवलं. गावाकडं कुठल्या तोंडानं जायचं म्हणून इथंच राहिलो. घड्याळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. चाचांनी समोर बसवून हातात चिमटा दिला. दुपारी ते स्वतःच्या डब्यातलं अर्धं माझ्या ताटलीत काढतात. सहा वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही.

एमआरआय झाल्यावर मेंदूच्या डॉक्टर मॅडमकडं चाचाच मला घेऊन गेले. मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवलं. करड्या मेंदूत एक पांढरं कडं होतं, वाटाण्याएवढं, भोवती थोडी सूज. मला वाटलं, संपलं सगळं. मॅडम मात्र शाळेतल्या बाईंसारख्या निवांत सांगायला लागल्या. असं कडं टीबीच्या गाठीचंही दिसतं. पोटात तो पट्टीसारखा लांब जंत होतो, त्याचं अंडं मेंदूत जाऊन जी गाठ धरते तीही अशीच दिसते. क्वचित कॅन्सरची गाठसुद्धा. टीबीची गाठ सहसा मोठी आणि ओबडधोबड असते. जंताची लहान, गोल, आणि आत एका बाजूला ठिपका असतो, ते त्याचं डोकं. ठिपका आहे असं वाटतं, पण स्कॅन काढणाऱ्या डॉक्टरांना मी पुन्हा बारकाईनं बघायला सांगते, म्हणाल्या. छातीचा फोटो आणि रक्त तपासायचं. डोळेही तपासायचे. तोवर फक्त फिटची गोळी.

मग प्रश्न सुरू झाले. घरात कुणाला टीबी होता का? नाही. ताप, खोकला, वजन कमी झालं? नाही. मॅडम लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "डुकराचं मटण खाता का?"

माझ्या शेजारी चाचा बसलेले. मी त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "नाही."

खरं म्हणजे आमच्या मामाच्या गावी लग्नकार्यात ते असतंच. लहानपणापासून खाल्लंय. दोन वर्षांमागं गेलो होतो तेव्हाही खाल्लं. पण सहा वर्षं ज्यांच्या डब्यातलं जेवलो त्यांच्यासमोर हे तोंडातून निघेना.

पुढचे तीन दिवस काही खरं नव्हतं. मी मुळात घाबरट. साधं घड्याळ उघडलं तरी स्क्रू हरवेल म्हणून आधी खाली रुमाल पसरतो. आता मनात एकच घोळत होतं: मॅडम माझ्या 'नाही'वर विश्वास ठेवून जंत बाजूला सारणार, टीबी ठरवणार आणि भलतंच औषध सुरू करणार. आमच्या धंद्यात हे रोजचंच. गिऱ्हाईक येतं, फक्त सेल टाका म्हणतं. चाचा विचारतात, पाण्यात पडलं होतं का? सगळे नाहीच म्हणतात. झाकण उघडावं तर आत गंज. आम्ही मागं हसतो अशा लोकांना. आता मीच त्यातला झालो होतो.

आईला फोनवर टीबी आणि जंत एवढंच सांगितलं, कॅन्सरचं गाळलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि नेमकी मटणाचीच गोष्ट काढली.

"मामाच्या इथलं मटण सांगितलं का डॉक्टरले?"

"नाही."

"काऊन? डॉक्टर काय तुयी सोयरीक जुळवून राह्यली?"

डोळे तपासायच्या दिवशी पुन्हा चाचा सोबत, कारण डोळ्यांत थेंब टाकल्यावर एकट्यानं परत येऊ देत नाहीत. थेंब टाकले आणि अर्धा तास बाकड्यावर बसायला सांगितलं. डोळे तपासायचं कारण मॅडमनी सांगितलं होतं. जंताची गाठ डोळ्यातही बसते, आणि तिथं असली तर जंताच्या गोळीनं ती मरताना सूज येऊन नजर जाऊ शकते. म्हणून आधी डोळा, मग गोळी. घड्याळवाल्याची नजर गेली तर राहिलं काय, हा विचार मी त्या बाकड्यावर बसून शंभरदा केला असेल.

हळूहळू सगळं पसरट दिसायला लागलं. भिंतीवरची पाटी वाचता येईना. चाचांची दाढी तेवढी पांढरी दिसत होती, चेहरा नाही. त्यांचा चेहरा दिसत नाही म्हणूनच मला बोलता आलं. मामाचं घर, लग्न, मटण, मॅडमना दिलेलं उत्तर, सगळं सांगून टाकलं.

चाचा म्हणाले, "मालूम था रे. त्या दिवशी मॅडमनी विचारलं अन् तू माझ्याकडं बघितलंस. तिकडं बघायला पाहिजे होतं, डॉक्टरकडं."

मी मान खाली घातली.

"मामाच्या घरी काय खातोस ते तुझं अन् मामाचं," ते म्हणाले. "मला सांग, माझ्या डब्यातलं खाऊन तर नाय ना झालं हे? कच्च्या भाजीतूनपण होतं म्हणतात. तुझी चाची तीन दिवस मुळा धू-धू के थक गई."

म्हणजे तीन दिवस तेही झोपले नव्हते. मी हसलो, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थेंबांचंच, असं मी सांगितलं.

आत डोळ्यांच्या डॉक्टरांनी प्रखर उजेड टाकला. वर बघा, खाली बघा, डावीकडं, उजवीकडं. घड्याळं मी इतकी बघितली, पण मला कुणी असं पहिल्यांदाच बघत होतं. दोन्ही डोळे स्वच्छ आहेत, ते म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं.

तिथून मॅडमकडं गेलो आणि खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोललो. मॅडम हसल्या. "मी तुमच्या हो-नाहीवर रोग ठरवत नाही," म्हणाल्या. पुन्हा बघितल्यावर स्कॅनमध्ये ठिपका स्पष्ट दिसला होता, छातीचा फोटो चांगला होता, रक्तातही काही नव्हतं. जंताचीच गाठ. मग त्यांनी आम्हा दोघांना नीट समजावलं. कच्चं राहिलेलं मटण खाल्लं तर जंत पोटात होतो. डोक्यातली गाठ होते ती त्याच्या अंड्यांनी, आणि अंडी येतात कुणाच्या तरी न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यातल्या भाजीतून. आयुष्यात अंडंसुद्धा न खाल्लेल्यांच्या डोक्यातही ही गाठ मी बघितलीय, म्हणाल्या. तरी तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, जंत तुमच्याच पोटात असू शकतो. तुमची आणि तुम्हाला जेवू घालणाऱ्या सगळ्यांची संडास तपासून घ्या.

जेवू घालणाऱ्या सगळ्यांची. म्हणजे चाचा, चाची, आणि संध्याकाळची भाकरी देणाऱ्या माझ्या घरमालकीण काकू. काकू देवगाव रंगारीच्या, पन्नास माणसांचा स्वयंपाक एका हाती करणाऱ्या. त्यांना संडास तपासायची डबी द्यायची कशी, या काळजीनं मी जिन्यात तीनदा वर-खाली केलं. काकूंनी ऐकलं, डबी उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "एवढीशी? आमच्याकडं तीळगुळाची डबी यापेक्षा मोठी असती." दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी त्या लॅबच्या दारात हजर होत्या, नवं लुगडं नेसून.

सगळ्यांचं स्वच्छ निघालं, माझंसुद्धा. ते अंडं कुठून आलं हे कधीच कळणार नाही, मॅडम म्हणाल्या. मग सूज उतरायच्या आणि जंताच्या गोळ्या सुरू झाल्या. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढला तेव्हा कड्याच्या जागी खडूच्या टोकाएवढा एक कण उरला होता. तो राहू द्या, म्हणाल्या, मेलेला आहे.

फिटची गोळी अजून चालू आहे, आणि मॅडमनी सांगितल्याशिवाय मी गाडी चालवायची नाही. म्हणून रोज सकाळी चाचा स्कूटरवर मला घ्यायला येतात. सत्तरी आली त्यांची, वळताना हात दाखवत नाहीत आणि बोलताना मागं वळून बघतात. मी मागं बसून त्यांना घट्ट धरतो. एमआरआयच्या मशीनमध्येसुद्धा मी इतकी देवाची नावं घेतली नव्हती.