डाव्या डोळ्यासमोरचा तुकडा

घड्याळजींचा भरवसा दोनच गोष्टींवर होता: आपली बोटं आणि आपला डावा डोळा. त्या डोळ्यात भिंग बसवलं की केसाएवढा स्क्रूही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. दिवसभर घड्याळांचं दुकान आणि संध्याकाळी सिनेमाघरातल्या मशीनच्या खोलीत काम, असं त्यांचं चाललं होतं. त्या खोलीत राज्य होतं प्रोजेक्टर चालवणाऱ्या अक्कांचं.

प्रोजेक्टरचा बल्ब हातभर लांब. आत वायू इतका ठासून भरलेला, की गार असतानाही तो फुटू शकतो. म्हणून अक्कांचा कायदा कडक होता. मशीन बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचं. मग जाड जॅकेट, हातमोजे आणि तोंडावर पारदर्शक ढाल. नव्या बल्बच्या काचेला उघडं बोट लागलंच तर लगेच स्पिरिटने पुसायचं, कारण बोटाचा तेलकट डाग तापला की काच तिथेच दगा देते.

"बल्ब बदलायचाय की लढाईवर जायचंय?" घड्याळजी म्हणत. "हातमोज्यात माझी बोटं आंधळी होतात हो, अक्का!"

"बोटं आंधळी झालेली चालतील, डोळे नकोत. ढाल लावा."

त्या संध्याकाळी जुना बल्ब काढायचा होता. अक्का फोन घ्यायला बाहेर गेल्या आणि घट्ट बसलेला नट बोटांनी चाचपावा म्हणून घड्याळजींनी एक हातमोजा उतरवला. श्वासाने ढालीवर वाफ धरत होती, म्हणून ढालही कपाळावर सरकवली. सवय, दुसरं काय!

अक्का स्वतःची ढाल लावूनच परतल्या. ओरडल्या नाहीत. सरळ पुढे येऊन त्यांनी घड्याळजींची ढाल खटकन खाली ओढली आणि हातमोजा पुढे केला. "माझ्यावर रागवा हवं तर, पण आधी ढाल खाली."

घड्याळजींनी ढालीआडून जीभ काढून दाखवली. पन्नाशीचा माणूस! हातमोजा चढवून त्यांनी नट फिरवला, तो सुटला, आणि बल्बचं टोक पत्र्याला जरासं लागलं.

केवढा आवाज झाला! नंतर सगळं सुन्न. घड्याळजींनी डोळे उघडले. दिसत होतं. बरोबर डाव्या डोळ्यासमोर, घड्याळाच्या काट्याएवढा काचेचा तुकडा ढालीत रुतून बसला होता.

"बोटं हलवा. सगळी. आता दुसरा हात," अक्का म्हणत होत्या. दहाही बोटं हलेपर्यंत त्यांनी नजर काढली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून घड्याळजींनी डाव्या डोळ्यात भिंग बसवलं. भिंगात लहानसं चाक लुकलुकलं आणि त्यांना रडूच कोसळलं. अक्का नसत्या तर हे दिसलं नसतं. ही कृतज्ञता लगेच कामाला लागली. "आज करतो, उद्या करतो" म्हणत आठ महिने खणात ठेवलेलं अक्कांचं बंद घड्याळ त्यांनी त्याच सकाळी चालू करून त्यांना पाठवलं.

संध्याकाळी नवा बल्ब बसवायचा होता. मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकत अक्का कौतुकाने ढाल न लावताच मशीनजवळ आल्या, तर घड्याळजी ढाल लावून, दोन्ही हातमोजे चढवून वाट अडवून उभे.

"अक्का, आधी ढाल खाली," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या हाताने त्यांची ढाल लावून दिली.