लिनसाहेबांची गैरहजेरी

लिनसाहेब कामाच्या वेळेत खुर्चीत बसलेले मी कधी पाहिले नाहीत. चहासुद्धा उभ्यानं, सूतगिरणीच्या फाटकाशी, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. चीनमधून यंत्रं आली, ती बसवायला हे आले आणि मालकांनी त्यांना मॅनेजर करून इथंच, कळंबच्या रस्त्यावर, ठेवून घेतलं. भाषा त्यांनी कामगारांकडून उचललेली. कुणी उशिरा आलं की म्हणायचे, "टाइम सांगा. कारण कायले?" मी हजेरी लिहिणारा कारकून. मला त्यांचा भारी राग यायचा.

कापसाची ती वाईट वर्षं होती. गावोगाव मयती होत होत्या. जवळच्या तांड्यावरची शेवंताबाई साच्यावर धागे जोडायची. कामगारांत सगळ्यांत जास्त खाडे तिचे. साहेबांनी तिला बोलावलं.

"मेला तो तुमचा कोण?"

"कोनी नाही, साहेब. पन मानूस गेला तं जा लागते."

"तुम्ही जाऊन तो परत येते?"

"नाही येत. पन त्याची बायको एकली बसून राह्यली असते ना."

दिवसभर साहेब येरझारा घालत होते. पुढच्या मयतीला माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. तिथं सतरंजीवर बसले आणि तासाभरानं माझ्या कानाशी लागले, "इथं काय करायचं?" मी म्हटलं, "काही नाही. बसायचं." मग कुठल्याही कामगाराकडची मयत, शेवंताबाई जात नसे तिथली लांबचीसुद्धा, त्यांनी चुकवली नाही.

अशात वरून पत्र आलं: ज्याचे खाडे सर्वांत जास्त, त्याला काढा, शनिवारपर्यंत नाव कळवा. शेवंताबाईचं घर तिच्या एकटीच्या पगारावर. साहेब हजेरीपट हातात घेऊन फेऱ्या मारत राहिले.

"माहा बाप मेला, तवा मी फॅक्टरीत होतो," ते एकदम म्हणाले. "सुटी नाही घेतली. मले ते बरोबर वाटलं. आता नाही वाटून राह्यलं." मग म्हणाले, "लिहा," आणि स्वतःचं नाव सांगितलं.

"साहेब, तुमची हजेरी कोण घेतं?"

"मी घेतो. माहे खाडे शेवंताबाईपेक्षा दोन जास्त आहे."

पंधरा दिवसांत त्यांना चीनला परत पाठवलं. शेवंताबाई कामावर राहिली. लोक अजून त्यांचं नाव काढतात, आणि मी तिथून उठून जातो. त्या प्रत्येक मयतीला त्यांना घेऊन मीच गेलो होतो. मी लिहिलेल्या हजेरीपटात माझा एकही खाडा नाही.