आमची बुढी आणि धावणारी पोरं

बुढीसोबत मी केलेलं शेवटचं काम म्हणजे पायजमा कापणं. दुसऱ्या दिवशी मला पोरांसोबत साकोलीपर्यंत धावायचं होतं. पायजमा पायात अडकायचा, म्हणून त्याची हाफपँट करायची होती. संध्याकाळी ओसरीवर तिनं तो ताणून धरला आणि मी कैची चालवली. मी गुडघ्याच्या वर कापायला गेलो तर तिनं हातच धरला. "गुडघे झाका. ते वाळले लाकडं कोणाले दाखवता?" या ओढाताणीत एक पाय चार बोटं आखूड झाला. ती खोकला येईपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावत होतो तेव्हा ती घरी मरून पडली होती.

तोंडाची तिखट होती माझी बायको, आमची बुढी. लाखनीजवळच्या आमच्या गावात तिच्याशी वाद घालायला कोणी धजत नव्हतं. मी जिंदगीभर राईस मिलमध्ये पोती उचलली. काम सुटलं, अंगात साखर निघाली, डॉक्टरनं चालायला सांगितलं. तलावाच्या पाळीवर फिरताना पोलीस भरतीची पोरं भेटली, एक शाळेचा मास्तर आणि एक मेडिकलवाला भेटला. नागपूरच्या मॅरेथॉनची तयारी करत होते. त्यांनी मलाही ओढलं. मी घरी सांगितलं नाही. या वयात बुढा पळतो म्हणून हसेल, असं वाटलं. पण गावात काय लपतं? एक दिवस धावून आलो तर ती पाळीवर डबा घेऊन उभी. डब्यात तांदळाच्या पिठाची गरम धिरडी, आमच्याकडचे आयते, आणि मिरचीचा ठेचा. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मास्तरालाच विचारलं, "उपाशी पोटी धावाले कोणत्या शाळेत शिकवतेत, गुरुजी?"

तेव्हापासून धावणं आमचं आणि पोरं तिची झाली. तिला कोणाची नावं लक्षात राहत नव्हती, म्हणून ती खाण्यावरून नावं ठेवायची. मेडिकलवाला वजनाला भिऊन अर्धाच आयता घ्यायचा, तो झाला 'अर्धा'. मास्तर ठेचा मागून मागून खायचा, तो 'ठेचा'. पोरं एकमेकांना त्याच नावानं हाका मारायला लागली. मास्तरच्या बायकोलाही ते नाव कळलं, तेव्हा मास्तर आठवडाभर तोंड लपवून धावला.

मी घरी आलो की किती धावलो हे तिनं कधी विचारलं नाही. पहिला सवाल एकच, "मांगं कोण राह्यलं?" आज अमका दमला, अर्ध्यातून परत गेला, असं सांगितलं की ती मला चहासुद्धा पिऊ द्यायची नाही. "जा, त्याले पाहून या. सामोर गेला तो काही मरत नाही." मी कुरकुरत जायचो. कधी पोराचा पाय मुरगळलेला असायचा, कधी बापाशी भांडण झालेलं असायचं. असं घराघरात जाता जाता ती पोरं माझी कशी झाली, मला कळलंच नाही.

आमच्यात प्रणाली नावाची एक पोरगी होती. ती एकाएकी येईनाशी झाली. बापाचं म्हणणं होतं, पोट्ट्यांच्या घोळक्यात पोरगी धावली तर लोक काय म्हणतील. बुढी मला घेऊन त्याच्या दारात गेली. बाप खाटेवर बसला होता. ही उभ्यानंच म्हणाली, "माह्या बुढ्याले पाह्य. यापेक्षा हळू गावात कोणी धावत नाही. तुही पोरगी याच्या संगं धावन. याच्या संगं धावून कोणाले पळून जाता येते का, सांग मले." बाप हसला. आतून प्रणालीची आई हसली. मी तेवढा खाली मान घालून उभा होतो. दुसऱ्या दिवशी पोरगी पाळीवर हजर.

साकोलीला पोचलो त्या दिवशी मी पहिल्यांदा एवढं धावलो होतो. बस स्टँडवर पोरांनी माझ्या पायजम्याचा आखूड पाय पाहून टिंगल केली आणि मीही हसत होतो. इतका हसलो की बाकावर बसावं लागलं. तेवढ्यात प्रणालीला गावातून फोन आला. शेजारीण विरजण मागायला आमच्या घरी गेली होती, तिनंच बुढीला पाहिलं होतं. पोरांनी मला नुसतं सांगितलं, काकूची तब्येत बिघडली. एसटीची वाट न पाहता त्यांनी जीप केली. प्रणालीनं सगळ्या रस्त्यानं माझा हात सोडला नाही, तेव्हाच मी समजलो.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली, सकाळी कधीतरी. मी घरी होतो तेव्हा की गेल्यावर, हे मी विचारलं नाही. तिरडीला खांदा त्याच पोरांनी दिला. त्यांची चाल जलद, मी मागं पडलो. अर्ध्यानं मागं वळून पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाला, "काकाजीच्या चालीनं चला."

मॅरेथॉनला पोरं गेली, मी गेलो नाही. रविवारी अजून येतात. स्वतःच चहा करतात, माझ्यापुढं कप ठेवतात. काकाजी, पुन्हा चला, काकूलेही तेच वाटलं असतं, असं म्हणतात. त्यांचं येणं मला गोड लागतं आणि गोड लागतं म्हणून लाज वाटते. सगळे म्हणतात, नशीबवान बाई, झोपेत गेली. ती सकाळ त्यांना माहीत नाही.

लग्न झाल्यापासून बुढी माझ्याआधी उठली. तापात उठली, आमच्या लेकीच्या बाळंतपणाहून जागरण करून आली तरी उठली. त्या दिवशी मी उठलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. असं कधी झालं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. हाक मारली असती तर ती उठून बसली असती, काही दुखतं म्हणाली असती, आणि मला थांबावं लागलं असतं. रस्त्यावर पोरं थांबली होती. मी हाक मारली नाही. बूट हातात घेतले, आवाज होऊ नये म्हणून दार नुसतं ओढून घेतलं, फाटकाबाहेर दगडावर बसून बूट घातले आणि धावत सुटलो.