चाकात जाणारा हात

जाम गावच्या चौकात गाड्या धुणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. माझा मेहुणा तेव्हा एका जुन्या स्पोर्ट्स कारवर भाळला होता. गाडीच्या मागे वरच्या मॉडेलचं चकचकीत नाव होतं आणि विकणारा किंमतही त्याच मॉडेलची सांगत होता. बाहेरून साधं आणि वरचं दोन्ही सारखीच दिसतात, आम्हाला काय कळणार?

व्यवहाराआधी गाडी धुऊन घेतली. त्या माणसाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चाकाशी बसला आणि साबणाचा हात आऱ्यांमधून कोपरापर्यंत आत घातला. मग मान वर करून शांतपणे म्हणाला, "साहेब, हे साधीवाली आहे. मोठीचे ब्रेक एवढाले राह्यते, तिच्या चाकात माहा हात जातच नाई. नाव काय, कोणीई चिकटवते."

विकणारा फोन कानाला लावून लांब गेला. फोन वाजला मात्र नव्हता.

परवा मी माझी खटारा गाडी त्याच्याकडे नेली आणि विचारलं, "हिच्या चाकात नाही हात घालून बघत?"

पाण्याचा पाइप उचलत तो म्हणाला, "काऊन? हे अस्सलच आहे. हिच्यासारखं दिसाची हौस कोणाले राहीन?"