सिग्रिडचा शुक्रवार

गावच्या हॉलच्या समितीतला आयगिल दारातच उभा राहिला. टोपीसुद्धा न काढता म्हणाला, "सिग्रिड, यंदा हॉलमधले पाव दुसरं कोणीतरी करील."

सिग्रिड होल्मगोर त्या वेळी खिडकीपाशी अंड्यांच्या ट्रेमध्ये मांडलेले बियाण्याचे बटाटे उलटसुलट करून कोंब बघत होती. तिने मान वर केली नाही.

"कोण करील?"

"समितीनं दुकानातून आणायचं ठरवलंय."

"दुकानातून! ते पिशवीतले? त्यात वेलदोडा शोधायला दुर्बीण लागते."

"वेलदोड्याचा प्रश्न नाहीये."

"मग कसला आहे? बोल की. एरवी तुझं तोंड मिटत नाही."

आयगिलने ओठ चावला. मग एका दमात बोलून टाकले, "तुझ्या पोरानं आमचा शुक्रवार खाल्ला. आता त्याच्या आईच्या हातचे पाव आम्ही गोड मानून घ्यायचे?"

हा शुक्रवार महाप्रार्थनेचा. त्या दिवशी खरोखर प्रार्थना केलेला माणूस टांगसो गावात कोणी दाखवून द्यावा. चर्चमध्ये त्या दिवशी पोरांचे दीक्षाविधी होत तेवढेच. बाकी गाव बागेत. पूर्वी त्या दिवशी बेकरीवाल्यांनाही कामाची बंदी होती, म्हणून लोक वेलदोड्याचे पाव आदल्या दिवशीच घेऊन ठेवत, आणि धीर कोणाला धरवतोय, म्हणून गुरुवारी संध्याकाळीच हॉलमध्ये जमून, गरम करून लोण्याबरोबर फस्त करत; अलीकडे हॉलसाठी ते सिग्रिडच करायची. देव राहिला बाजूला, पाव राहिले. आणि राहिली सुट्टी, भरपगारी, वसंतातली, माती नांगरायजोगी झालेली असतानाची. डेन्मार्कच्या सरकारने ती रद्द केली. सगळ्या देशाने एक दिवस जास्त राबायचे आणि त्यातून येणारा कर संरक्षणावर खर्च करायचा, असा हिशेब. संसदेत त्या कायद्याच्या बाजूने बटण दाबणाऱ्यांत टांगसोचा येस्पर होल्मगोर होता, सिग्रिडचा एकुलता एक.

"एक कर," आयगिल जरा मवाळ झाला. "गुरुवारी हॉलमध्ये उभी राहा आणि सांग, माझ्या मुलानं चूक केली. एवढंच. मग पुढच्या वर्षीपासून पाव तूच कर, मरेपर्यंत कर."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर दुकानातले."

"दार लावून जा," सिग्रिड म्हणाली. "थंडी येतेय."

सिग्रिडला ओळखणाऱ्या कोणालाही हे उत्तर आधीच ठाऊक असते; समितीला ठाऊक नव्हते यावरूनच समितीत कसली माणसे भरलीत ते कळते. ही बाई लिमफ्योर्ड खाडीच्या काठावरल्या शिंपल्यांच्या कारखान्यात सगळे आयुष्य राबली. हात गार खाऱ्या पाण्यात आणि तोंड मालकाच्या तोंडाला, असा तिचा खाक्या. नवरा एस्बियर्गच्या बंदरात काम बघायला गेला तो तिकडेच एकीच्या घरी राहिला. सिग्रिडने त्याचे कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवून दिले आणि पुन्हा त्याचे नाव काढले नाही. युनियनची सभा असली की कॉफी तीच करायची आणि मालकाला चार शब्द सुनवायचेही तिनेच. येस्पर लहानपणी त्याच कारखान्याच्या अंगणात शिंपल्यांच्या पालथ्या पेटीवर उभा राहून भाषणे ठोकायचा आणि पाळी संपवून निघालेल्या बाया हसून टाळ्या वाजवायच्या. त्याच बायांनी पुढे दारोदार हिंडून त्याला निवडून आणले.

आणि शुक्रवार होता दोघांचा. येस्परला कुदळ पेलायला लागली तेव्हापासून त्या दिवशी मायलेक बटाटे लावत. दोन ओळी, एक तिची, एक त्याची. कोपनहेगनला गेला, लग्न केले, मोडले, खासदार झाला, तरी त्या गुरुवारी संध्याकाळी गाडी दारात यायचीच. नाताळला तो आला नाही तर सिग्रिड गप्प बसायची. पण या दिवसाची ती वर्षभर वाट बघायची, आणि हे तिने त्याला कधीही सांगितले नव्हते.

कायदा झाला त्या दिवशी त्याचा फोन आला होता.

"आई, तुला राग आलाय ना?"

"छे. राग परक्याचा येतो. मला तुझी शिसारी आलीय."

"जरा ऐकून तर घे. युरोपात युद्ध पेटलंय. आपल्या तोफा आपण युक्रेनला देऊन टाकल्या. रशियाची जहाजं आपल्या पाण्यातून जातात-येतात, आणि आपल्याकडे..."

"मला शिकवू नकोस. माझ्या बापानं या रस्त्यावरून जर्मन पलटण जाताना बघितलीय. किनाऱ्यावरच्या त्यांच्या बंकरात तू लपाछपी खेळलायस. सैन्य नको असं मी कधी म्हटलं? बंदुका घ्या, विमानं घ्या, काय घ्यायचं ते घ्या. पण पैसे कारखान्यात राबणाऱ्या बोडिलच्या शुक्रवारातून? जहाजांच्या मालकांचे शुक्रवार का नाही घेतलेत? त्यांच्याकडे आठवडाभर शुक्रवारच असतात."

"सगळ्यांनी थोडा वाटा उचलायचाय, आई."

"तू याच गावात, त्या हॉलमध्ये उभा राहून म्हणाला होतास, कामगारानं कमावलेल्या एका तासालाही हात लागू देणार नाही. मी पहिल्या रांगेत होते. टाळ्या मी सुरू केल्या होत्या."

मग तो म्हणाला, "तेव्हा परिस्थिती वेगळी होती."

"तेव्हा तू वेगळा होतास," म्हणून तिने फोन ठेवला.

हे सगळे ती गावात बोलली असती तर तिला डोक्यावर घेतले असते. बोलली नाही. दुकानात तिच्या मागे रांगेत कोणी उभे राहीना. शेजारची बोडिल, जिच्या पोरीला सिग्रिडने कडेवर खेळवले, ती सायकलवरून जाताना मान वळवायला लागली. कारखान्यात अजून राबणाऱ्यांतली ती एक, राग तिला शोभतही होता. एका सकाळी दाराशी शिळ्या पावांचा ढीग ओतलेला सापडला. सिग्रिडने ते गोळा केले, भिजवले आणि नेऊन कोंबड्यांना घातले. कोंबड्या आयगिलच्या होत्या. तो खिडकीतून बघत होता आणि तिने त्याला हातही केला.

गुरुवारी तिने पाव केले. दरवर्षी करायची तेवढेच, कणीक मळून मनगटे भरून आली तरी तेवढेच. संध्याकाळी टोपली भरतेय तोच येस्परची गाडी दारात येऊन थांबली.

"तुला कोणी बोलावलं होतं?"

"गुरुवार आहे," तो म्हणाला. खाली उतरून त्याने टोपलीला हात घातला. "हॉलला ना? मी घेतो."

"तू घरी बस."

"आई, मी कोणापासून तोंड लपवणार नाही. जे केलं ते पटलं म्हणून केलं."

हे मात्र तिला आवडले, आणि आवडले याचाच तिला राग आला. ती पुढे, टोपली घेऊन तो मागे, अशी वरात हॉलवर पोचली.

आत लांब टेबलांवर दुकानातले पाव होते, फिकट, एकसारखे. कपबशांचा आवाज थांबला. आयगिल उठून पुढे आला.

"सिग्रिड, तू ये. तो नको."

"हॉल त्याच्या गावाचाही आहे," सिग्रिड म्हणाली.

"गाव त्याला आठवतं का?" बोडिल बसल्या जागेवरून ओरडली. "उद्या सहाला माझी पाळी आहे. मी रजा मागितली, पोरीची दीक्षा आहे म्हणून. चर्चनं तोच शुक्रवार ठेवला याही वर्षी. कारखान्यातले नाही म्हणाले, शिंपल्यांच्या बोटी यायच्यात. त्याच्या तोफेलाच लाव म्हणावं माझ्या पाळीवर!"

येस्परने टोपली टेबलावर ठेवली आणि घसा खाकरला. "मला तुमचा राग कळतो. पण मी ज्या बैठकांत बसतो, तिथे जे ऐकतो..."

कोणीतरी चमच्याने कप वाजवला. मग दुसऱ्याने. एरवी हॉलमध्ये चमचा वाजला की माणसे भाषण ऐकायला गप्प होतात. त्या संध्याकाळी सगळा हॉल वाजवत सुटला, म्हातारेकोतारेसुद्धा, आणि येस्परचे ओठ नुसते हलताना दिसत राहिले. शेवटी तो थांबला तसे चमचेही थांबले.

"आता तू," आयगिल सिग्रिडला म्हणाला. "एकच वाक्य. आणि तुझे पाव वाढून घेऊ आम्ही. तुझेच खायचेत आम्हालाही, खोटं कशाला बोलू?"

सगळे तिच्याकडे बघत होते. यांच्यातल्या निम्म्यांबरोबर तिने खाऱ्या पाण्यात बोटे गोठवून घेतली होती. वाक्य तिच्याकडे तयार होते, कायदा झाल्या दिवसापासून तयार होते, आणि ते खरे होते.

"त्यानं काय केलं ते मी त्याला सांगितलंय," ती म्हणाली. "तुम्हाला सुचणार नाहीत असल्या शब्दांत सांगितलंय. पण ते तुम्हाला ऐकवायला मी बांधलेली नाही. पाव खायचे तर खा, नाहीतर नका खाऊ. पावाच्या बदल्यात माझा पोरगा मागता? लाज वाटू द्या जराशी!"

तिने टोपली उचलली. त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये एकानेही तिला थांब म्हटले नाही. दारापाशी येस्पर तिच्या हातातून टोपली घ्यायला पुढे झाला तेव्हा तिने कोपराने त्याला बाजूला सारले.

रस्त्यावर अजून उजेड होता. फ्योर्डवरून वारा येत होता. येस्पर भरभर चालत तिच्या बरोबरीला आला आणि म्हणाला, "आई, तू माझ्या बाजूनं उभी राहिलीस. मी हे विसरणार नाही."

"तुझ्या बाजूनं? मी माझ्या बाजूनं उभी होते. पुढच्या निवडणुकीत माझं मत धरू नकोस."

तो हसला. आई बोलते तशी बोलली असे त्याला वाटले असावे. घरी पोचल्यावर त्याने गाडीची डिकी उघडून रबरी बूट काढले आणि पायरीवर ठेवले, दरवर्षी ठेवायचा तसे.

"कोंब चांगले आलेत ना? सकाळी लवकरच सुरू करू. मी उद्याची रजा टाकलीय."

सिग्रिड पायरीवर थांबली.

"काय टाकलीस?"

"रजा. संसदेतल्या उद्याच्या समितीच्या बैठकीला दुसरा कोणीतरी बसेल. त्यात काय!"

"मिळाली?"

"न मिळायला काय झालं?" तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा बदलला. बोडिलचा आवाज त्यालाही आठवला असणार. पण तोंडातून गेलेला शब्द गेला होता.

सिग्रिडने वाकून बूट उचलले. ते तिनेच घेतले होते, त्याचा पाय वाढायचा थांबला त्या वर्षी. तिने ते परत डिकीत ठेवले आणि झाकण लावले.

"जा."

"आई, असं काय करतेस? बटाटे..."

"उद्या कामाचा दिवस आहे. तूच केलायस. जा कामाला."

"एवढ्या लांबून आलोय मी!"

"पाव घेऊन जा वाटेत खायला," ती म्हणाली, आणि टोपली त्याच्या शेजारच्या सीटवर ठेवली. त्याने तिच्या खांद्याला हात लावायला बघितले, तेव्हा ती आत गेली आणि कडी लावली. गाडी खूप वेळाने सुरू झाली. ती सुरू होईपर्यंत सिग्रिड दाराला पाठ लावून उभी होती, आणि त्याने एकदा जरी दार वाजवले असते तर तिने उघडले असते.

सकाळी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा ती बागेत होती. बोडिल सायकलवरून गेली. तिने वळून बघितले नाही. सिग्रिडने आपली ओळ लावली, माती ओढली, कुदळ धुतली. दुसरी ओळ खणून तयार होती, ती तिने तशीच सोडली. त्या उन्हाळ्यात तिथे गवत माजले. आयगिल, बोडिल, सगळे कुंपणाजवळून जायचे, आणि अर्धी बाग अशी ओस का पडलीय असे कोणी तिला विचारले नाही.